सर्व्हरला वाचा कशी फुटली?



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनासमोर गडकोट, लढाया, तह आणि बखरी उभ्या राहतात. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे, त्यात ह्यांपैकी काहीही नाही. त्याला घडून फार काळ लोटलेला नाही. त्यातील माणसे विद्यार्थी, नोकरदार आणि हौशी अशी होती. त्यांनी राज्ये जिंकली नाहीत की घालविली नाहीत. तरीही आपण घरबसल्या रेल्वेचे तिकीट काढतो, मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहतो, विजेचे बिल भरतो, तेव्हा त्यांनी घातलेल्या पायवाटेवरूनच चालत असतो. म्हणून ह्या इतिहासाची थोडी ओळख करून घेणे अगदीच अस्थानी होणार नाही.

विषय असा. वेब सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम जगभरच्या संगणकांवर बसून आपल्याला पाने पुरवीत असतो. आरंभी त्याला स्वतःचे असे काहीही बोलता येत नव्हते. त्याला वाचा फुटली ती स्क्रिप्टभाषांमुळे. ह्या भाषा त्याला कोणी आणि कोणत्या मार्गाने शिकविल्या, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

१. मुका सेवक

आपल्या गावच्या वाचनालयाची आठवण करा. आपण चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक लिहून देतो. सेवक कपाटाकडे जातो, त्या क्रमांकाचे पुस्तक काढतो आणि आपल्या हाती देतो. पुस्तक नसेल तर तसे सांगतो. पुस्तकात काय लिहिले आहे ह्याच्याशी त्याला कर्तव्य नसते. टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ च्या मार्चमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत वेबची योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर चालू केला. तो मूलतः असाच सेवक होता. मागितलेली फाईल असेल तर ती पाठवावयाची, नसेल तर नाही म्हणावयाचे, एवढेच त्याचे काम.

पण माणसांचे प्रश्न कपाटातल्या पुस्तकांत मावत नाहीत. सर्नमध्येच लोकांना प्रथम हवी होती ती तेथल्या हजारो कर्मचाऱ्यांची दूरध्वनी-यादी. ही यादी पानांच्या रूपाने कपाटात ठेवलेली नव्हती. ती एका मोठ्या संगणकात होती आणि विचारलेल्या नावाप्रमाणे तिच्यातून उत्तर काढावे लागे. म्हणजे वेबच्या बाल्यावस्थेतच हा प्रश्न उभा राहिला: जे उत्तर आधी लिहून ठेवलेले नाही, ते सर्व्हरने द्यावे कसे? ज्याने त्याने आपापल्या सर्व्हरमध्ये त्याची काही ना काही सोय करून घेतली. पण एका ठिकाणची सोय दुसऱ्या ठिकाणी चालत नसे.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे आपले प्रोग्रॅम सर्वांना मोफत आणि निर्बंधमुक्त करून टाकले. हा दिवस लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण पुढे जे घडले ते परवानगी मागत बसावे लागले असते तर घडले नसते.

२. बाहेरच्या खोलीतला जाणकार

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एनसीएसए नावाचे संगणककेंद्र आहे. तेथे १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना ह्यांनी मोझेक हा चित्रे दाखविणारा ब्राउझर तयार केला, आणि रॉब मॅकूल ह्या तरुणाने एक सर्व्हर लिहिला. त्याच वर्षी मॅकूल आणि इतर सर्व्हरांचे कर्ते ह्यांच्यात विचारविनिमय होऊन एक समाईक करार ठरला. त्याला सीजीआय म्हणतात. नावाचा अर्थ एवढाच, की सर्व्हर आणि बाहेरचा प्रोग्रॅम ह्यांच्यामधल्या दाराची सर्वांनी मान्य केलेली रीत.

ती रीत फार साधी होती. वाचनालयाच्या सेवकाकडे असा प्रश्न आला की ज्याचे उत्तर कपाटात नाही, तर त्याने बाहेरच्या खोलीत झोपलेल्या एका जाणकाराला उठवावयाचे. कोण विचारतो, काय विचारतो, कोणत्या पत्त्यावरून विचारतो, ह्या गोष्टी ठराविक नावाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्याच्यासमोर ठेवावयाच्या. अर्जाचा मजकूर मोठा असेल तर तो त्याच्या हाती द्यावयाचा. जाणकाराने उत्तर लिहावे. वर ते कोणत्या प्रकारचे आहे हे नमूद करावे, एक ओळ कोरी सोडावी आणि खाली मजकूर द्यावा. सेवकाने ते उत्तर उचलून प्रश्नकर्त्याकडे पोहोचवावे. जाणकाराचे काम संपले.

हा जाणकार कोणत्याही भाषेत बोलणारा असला तरी चाले, ही ह्या कराराची थोरवी होती. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम आधी यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यावा लागतो. स्क्रिप्टचे तसे नाही. ती लिहिली तशीच एका दुभाष्या प्रोग्रॅमसमोर ठेवता येते. तो वाचतो आणि बजावतो. चूक झाली तर ओळ बदलली आणि पुन्हा चालवून पाहिले. लॅरी वॉल ह्या भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने १९८७ मध्ये केलेली पर्ल ही भाषा मजकूर कापण्यात, जोडण्यात आणि शोधण्यात तरबेज होती. आणि वेब म्हणजे तर सारा मजकूरच. त्यामुळे सीजीआय आणि पर्ल ह्यांची जोडी जमली. अभिप्राय कळविण्याचे अर्ज, भेटींची मोजणी, शोध घेण्याची सोय ही सारी ह्या जोडीचीच अपत्ये. गंमत अशी, की हा करार रीतसर दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाला तो २००४ च्या ऑक्टोबरमध्ये! अकरा वर्षे जग तोंडी ठरलेल्या रीतीवर चालले होते म्हणा ना.

परंतु ह्या रीतीत एक मोठी उणीव होती. प्रत्येक प्रश्नाला जाणकाराला नव्याने उठवावे लागे, आणि उत्तर दिल्याबरोबर तो नाहीसा होई. पुढच्या प्रश्नाला पुन्हा नवा जाणकार, पुन्हा त्याने सारी स्क्रिप्ट पहिल्यापासून वाचावयाची. दिवसाला शंभर प्रश्न असतील तर हे चालते. लाखांनी येऊ लागले की उत्तर देण्यापेक्षा उठण्यातच अधिक वेळ जातो.

३. पोरका प्रोग्रॅम

ह्या उणिवेवर उपाय शोधावयाचा तर सर्व्हरमध्येच फेरफार करावयास हवा होता. आणि नेमक्या त्याच वेळी तो सर्व्हर पोरका झाला. १९९४ च्या मध्यास मॅकूल एनसीएसए सोडून गेला आणि सर्व्हरच्या सुधारणा थांबल्या. पण तो सर्व्हर तर वेबवर सर्वांत अधिक वापरात होता. ठिकठिकाणच्या व्यवस्थापकांनी आपापल्या गरजेप्रमाणे त्याला ठिगळे लावली होती. कोणी एक चूक दुरुस्त केली होती, कोणी दुसरी. कोणाचे ठिगळ कोणाला ठाऊक नाही अशी स्थिती.

१९९५ च्या फेब्रुवारीत ब्रायन बेहलेनडॉर्फ, क्लिफ स्कोलनिक, रॉय फील्डिंग, रॉब हार्टिल, रॉबर्ट थाऊ आणि आणखी तिघे अशा आठ जणांनी एकत्र येऊन ही ठिगळे एका ठिकाणी गोळा करावयास आरंभ केला. एकमेकांना पत्रे पाठवावयाची, दुरुस्त्या तपासावयाच्या, मते घेऊन स्वीकारावयाच्या असा त्यांचा क्रम होता. एप्रिलमध्ये त्यांनी पहिली सार्वजनिक आवृत्ती काढली आणि तिला अपाची हे नाव दिले. अमेरिकेतील त्या नावाच्या शूर आदिवासी जमातीविषयीचा आदर ह्या नावात होता, आणि ठिगळांचा सर्व्हर ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांशी ते उच्चाराने जुळत होते.

एखादा ग्रंथ लिहिणारा निघून जातो आणि वाचकच पुढची आवृत्ती काढतात, असे आपण क्वचित पाहतो. येथे ते घडले. कारण मूळ लिखाण सर्वांना वाचावयास आणि बदलावयास मोकळे होते. कुलूपबंद प्रोग्रॅम पोरका झाला की मरतो. उघडा प्रोग्रॅम पोरका झाला तर त्याला पालक मिळण्याची निदान आशा असते.

४. शंभल

परंतु ठिगळांवर ठिगळे लावून वस्त्र टिकत नाही. हे ध्यानात घेऊन त्या आठांपैकी रॉबर्ट थाऊ ह्याने सर्व्हरची सारी मांडणीच नव्याने केली. तो तेव्हा एमआयटी ह्या संस्थेत होता. ह्या मांडणीला त्याने जे टोपणनाव दिले ते ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. ते होते शंभल. पुराणांत कल्की अवतार ज्या गावी जन्मास येणार असे म्हटले आहे, ते हे शंभल. तिबेटी बौद्ध परंपरेने ते गुप्त राज्य म्हणून जपले आणि तेथून ते नाव पश्चिमेत पोहोचले.

नाव काही असो. मांडणीत नवे होते ते असे. सर्व्हरचे काम थाऊने टप्प्यांत विभागले. मागितलेला पत्ता कोणत्या फाईलचा हे ठरविणे, मागणारा कोण आहे हे तपासणे, त्याला परवानगी आहे की नाही हे पाहणे, फाईल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे, उत्तर तयार करणे आणि शेवटी नोंदवहीत नोंद करणे. प्रत्येक टप्प्यावर त्याने एक सांधा ठेवला. सर्व्हरच्या गाभ्याला हात न लावता कोणालाही तेथे आपला तुकडा जोडता यावा, अशी ती योजना. ह्या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. शिवाय प्रत्येक मागणीसाठी लागणारी स्मृती एका साठ्यातून घ्यावयाची आणि काम संपताच तो साठा एकदम मोकळा करावयाचा, अशी सोय त्याने केली. त्यामुळे बाहेरच्याने लिहिलेल्या मॉड्यूलचा विसराळूपणा सर्व्हरच्या अंगावर सहसा येत नसे. १९९५ च्या जुलैमध्ये मंडळींनी ही मांडणी स्वीकारली आणि १ डिसेंबर १९९५ रोजी अपाचीची १.० ही आवृत्ती बाहेर पडली. १९९६ च्या वसंतात अपाचीने एनसीएसएच्या सर्व्हरला मागे टाकले आणि तो जगातील सर्वाधिक वापराचा सर्व्हर झाला.

माझ्या मते ह्या सबंध इतिहासातला निर्णायक क्षण हाच आहे. अपाची मोफत होता म्हणून पसरला, असे कोणी म्हणेल. पण एनसीएसएचा सर्व्हरही मोफतच होता. सांधे तर इतरांनीही दिले होते, असे दुसरा कोणी म्हणेल. आणि ते खरे आहे. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्यांच्या सर्व्हरांनाही मॉड्यूल जोडण्याच्या जागा होत्या, आणि १९९६ पर्यंत दोघींनी आपापली स्क्रिप्टव्यवस्थाही आणली होती. मात्र सांध्याच्या आत काय चालते हे तेथे परक्याला पाहता येत नसे. अपाचीत सांधाही होता आणि आतले सारे उघडेही होते. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच कोणाच्याही परवानगीवाचून, कोठल्याही देशातल्या माणसाला सर्व्हरला नवी भाषा शिकविणे शक्य झाले.

५. पर्लचा गृहप्रवेश

संधी मिळताच प्रथम आत आली ती पर्ल. १९९६ मध्ये नॉर्वेच्या गिस्ले ओस ह्याने पर्लचा दुभाष्या अपाचीच्या आत बसविण्याचा पहिला प्रयोग प्रसिद्ध केला, आणि डग मॅकईचर्न ह्याने तो हाती घेऊन वाढविला. त्याचे नाव मॉड-पर्ल. आपल्या दृष्टांतात सांगावयाचे तर बाहेरच्या खोलीतला जाणकार आता सेवकाच्या शेजारी टेबलाशीच बसला. त्याला उठवावयास नको आणि स्क्रिप्ट पुनःपुन्हा वाचावयास नको. एकदा वाचलेली तोंडपाठ राही. वेग अनेक पटींनी वाढला.

एवढेच नव्हे. थाऊने ठेवलेल्या प्रत्येक टप्प्यावर पर्ल पोहोचू शके. मागणारा कोण हे ठरविणेही पर्लमध्ये लिहिता येऊ लागले आणि नोंदवही कशी ठेवावी हेही. म्हणजे सर्व्हरचा स्वभावच बदलता येऊ लागला.

पण जवळ बसविलेला पाहुणा आपल्या सवयीही बरोबर आणतो. सीजीआयच्या काळातल्या स्क्रिप्टा एका उत्तरापुरत्या लिहिलेल्या असत. उत्तर दिले की सारे नाहीसे होणार, म्हणून लिहिणारे आवराआवर करीत नसत. आता जाणकार नाहीसा होत नव्हता. पहिल्या माणसाच्या प्रश्नातली एखादी किंमत त्याच्या डोक्यात राहून जाई आणि दुसऱ्याच्या उत्तरात उतरे. आपली माहिती परक्याच्या पडद्यावर दिसावी, ह्याहून लाजिरवाणे काय असेल? शिवाय पर्ल आत घेतलेली प्रत्येक सर्व्हर-प्रक्रिया स्मृतीच्या हिशेबाने जड होई. साधे चित्र पाठवावयासही हाच जड गडी उठे. तेव्हा पुढे एक हलका सर्व्हर ठेवावयाचा आणि कठीण प्रश्न तेवढे त्याने मागच्या जड सर्व्हरकडे धाडावयाचे, अशी युक्ती लोकांनी काढली.

६. सामान्यांची भाषा

मॉड-पर्ल ही जाणत्यांची विद्या होती. सामान्यांची भाषा निघाली ती निराळ्याच ठिकाणी. ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात शिकलेला रासमुस लेरडॉर्फ ह्याला १९९४ मध्ये आपले माहितीपत्रक वेबवर किती जण पाहतात हे मोजावयाचे होते. त्यासाठी त्याने सी भाषेत काही छोटे सीजीआय प्रोग्रॅम लिहिले आणि त्यांना वैयक्तिक पानांची अवजारे अशा अर्थाचे नाव दिले. त्याच नावाची आद्याक्षरे म्हणजे पीएचपी. १९९५ च्या जूनमध्ये त्याने आपले सारे लिखाण लोकांसाठी खुले केले.

पीएचपीची कल्पना अशी, की आधी पान लिहावे आणि जेथे बदलता मजकूर हवा तेवढ्याच जागी दोन खुणांच्या मध्ये आज्ञा घालाव्यात. पर्लमध्ये प्रोग्रॅमच्या पोटात पान असे. येथे पानाच्या पोटात प्रोग्रॅम आला. लग्नपत्रिका छापताना नावाची जागा कोरी सोडावी आणि मग प्रत्येकाचे नाव भरावे, तसे. ज्याला पान लिहिता येत होते त्याला हे एका संध्याकाळी समजे.

१९९७ मध्ये इस्राएलमधील टेक्निऑन ह्या संस्थेतले अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की हे विद्यार्थी आपल्या अभ्यासातील एका कामासाठी पीएचपी वापरीत होते. ते अपुरे पडते असे पाहून त्यांनी ते लेरडॉर्फच्या संमतीने नव्याने लिहिले. तिसरी आवृत्ती १९९८ च्या जूनमध्ये आणि चौथी २००० च्या मेमध्ये निघाली. अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून बसणे हे तिचे नित्याचे रूप झाले. मात्र पर्लप्रमाणे सर्व टप्प्यांवर अधिकार गाजविण्याचा हव्यास तिने धरला नाही. उत्तर तयार करण्याच्या टप्प्यावर ती बसली आणि प्रत्येक उत्तरानंतर पाटी स्वच्छ पुसून टाकू लागली. जुन्या प्रश्नाचे काही नव्यात उतरत नसे. नवशिक्याच्या पुष्कळ चुका त्यामुळे त्या एका पानापुरत्याच राहत. पीएचपीच्या लोकप्रियतेचे हे कारण फारसे सांगितले जात नाही. पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ह्याचा आपल्याशी संबंध कोठे येतो तेही पाहू. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया सुरू झाला तो पर्लमधल्या एका सीजीआय स्क्रिप्टवर. वाढता भार तिला सोसेना, तेव्हा माग्नुस मान्स्के ह्या जर्मन विद्यार्थ्याने पीएचपीमध्ये नवा प्रोग्रॅम लिहिला आणि २००२ च्या जानेवारीत विकिपीडिया त्यावर गेला. त्याच परंपरेतल्या पीएचपी प्रोग्रॅमवर पुढे १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. कोणा खेड्यातल्या शिक्षकाने आपल्या गावाविषयी मराठीत चार ओळी लिहाव्यात आणि त्या त्याच क्षणी जगाला दिसाव्यात, हे मुक्या सर्व्हरला कधीच साधले नसते. अर्थात ही भाषा आपल्या लिपीसाठी घडलेली नव्हती. पीएचपीचे साधे मोजमाप अक्षरे मोजीत नाही, संगणकाच्या साठवणीतले बाइट मोजते. आणि आज रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यामुळे ‘घर’ ह्या दोन अक्षरी शब्दाची लांबी ते सहा सांगते! त्यासाठी निराळी साधने वापरावी लागतात.

७. शेजाराचे भय

आता ह्या कथेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. सर्व्हरला बोलता आले ह्याचा अर्थ असा, की परक्या माणसाने पाठविलेला मजकूर आपल्या यंत्रात शिरून तेथल्या प्रोग्रॅमच्या हाती पडू लागला. परका नेहमी सज्जनच असतो असे नाही.

एनसीएसए आणि अपाची ह्यांच्या सर्व्हरांबरोबर नमुना म्हणून एक छोटा सीजीआय प्रोग्रॅम येत असे. तो नावावरून पत्ता शोधून देई. आलेल्या मजकुरातली धोक्याची चिन्हे निकामी करण्याची व्यवस्था त्यात होती. पण त्या यादीत नवी ओळ सुरू करणारे चिन्ह राहून गेले होते. १९९६ मध्ये हे उघड झाले. नावाच्या जागी नवी ओळ घालून पुढे कोणतीही आज्ञा लिहिली की यंत्र ती पाळी. गुप्तशब्दांची फाईलही काढून देई. एका चिन्हाची विसर, आणि घराचे दार सताड उघडे!

पीएचपीत सुलभतेनेच घात केला. अर्जातल्या रकान्यांची नावे आपोआप स्क्रिप्टमधल्या चलांची नावे होत. नवशिक्याला ते सोयीचे होते. पण स्क्रिप्टमध्ये परवानगी ह्या नावाचे चल असेल आणि त्याला लेखकाने आधी किंमत दिली नसेल, तर बाहेरचा माणूस स्वतःच परवानगी पाठवून देऊ शके. ही सोय २००२ मध्ये मुळातच बंद ठेवण्यात आली आणि २०१२ मध्ये काढून टाकण्यात आली. दहा वर्षे का लागली? लाखो पाने तिच्यावर उभी होती म्हणून. एकदा दिलेली सवलत काढून घेणे किती कठीण असते, हे नगरपालिकेच्या कारभारातही आपण पाहतोच.

त्याहून गंभीर गोष्ट शेजाऱ्यांची. स्वस्तात जागा मिळावी म्हणून एकाच संगणकावर शेकडो संकेतस्थळे ठेवीत. पीएचपी सर्व्हरच्या आत बसल्यामुळे सर्वांच्या स्क्रिप्टा एकाच सेवकाच्या नावाने चालत. मग एकाच्या स्क्रिप्टला दुसऱ्याच्या फाईली वाचता येणार नाहीत कशा? अपाचीने १९९७ च्या सुमारास प्रत्येकाची सीजीआय स्क्रिप्ट त्याच्याच नावाने चालविण्याची सोय केली होती. पण ती बाहेरच्या खोलीतल्या जाणकारापुरती, टेबलाशी बसलेल्यापुरती नव्हे. पीएचपीने स्वतःच्या आत एक सुरक्षित रीत घालून पाहिली. पीएचपीच्या अधिकृत पुस्तिकेतच अशी कबुली होती की हा प्रश्न भाषेच्या पातळीवर सोडविणे रचनेच्या दृष्टीने चूक आहे. दुसरा व्यवहार्य उपाय नाही म्हणून लोक तो वापरतात. हा प्रांजळपणा मला आवडतो. तीही रीत अखेर २०१२ मध्ये गेली.

पाहुण्याने यजमानालाही बांधून टाकले. २००२ च्या एप्रिलमध्ये अपाचीची दुसरी मोठी आवृत्ती निघाली. तिच्यात एकाच प्रक्रियेत अनेक ग्राहकांची कामे शेजारीशेजारी चालविण्याची नवी सोय होती. पण पीएचपीला लागणारी कित्येक उपकरणे अशा दाटीत सुरक्षित नव्हती. म्हणून ही सोय वापरू नका असा सल्ला पीएचपीची मंडळीच देत. परिणामी असंख्य सर्व्हर वर्षानुवर्षे जुन्याच पद्धतीने चालत राहिले.

८. पुन्हा ओसरीवर

तेव्हा पाहुण्याला पुन्हा बाहेर बसवावे असा विचार बळावला. त्याची रीत जुनीच होती. ओपन मार्केट ह्या कंपनीने १९९६ मध्येच फास्ट-सीजीआय नावाचा करार मांडला होता. जाणकार बाहेरच्याच खोलीत असेल, पण झोपणार नाही. एक उत्तर देऊन नाहीसा न होता पुढच्या चिठ्ठीची वाट पाहत बसेल. आत बसविण्याचा वेग आणि बाहेर ठेवण्याची सुरक्षितता ह्यांचा हा मध्यममार्ग. त्याला पुढे महत्त्व आले ते एका रशियन गृहस्थामुळे. रॅम्ब्लर ह्या संकेतस्थळासाठी काम करणाऱ्या इगोर सिसोएव ह्याने २००२ पासून लिहीत आणलेला एंजिनएक्स हा सर्व्हर २००४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वांना खुला केला. त्यातला एकच सेवक हजारो लोकांकडे पाहतो. कोणासाठी थांबून राहत नाही. अशा सेवकाशेजारी वेळ खाणारा जाणकार बसविला तर सारी रांगच अडेल. म्हणून पीएचपी बाहेर ठेवून फास्ट-सीजीआयने बोलावयाचे, हा मार्ग रूढ झाला. २०१० च्या जुलैमध्ये पीएचपीनेच अशा स्वतंत्र खोलीची पक्की व्यवस्था आपल्या आवृत्तीत समाविष्ट केली. प्रत्येक शेजाऱ्याला आपल्या नावाची निराळी खोली मिळाली आणि जुने दुखणे बरेच हलके झाले.

तरी आत एखादी भाषा असावी ही ओढ संपली नव्हती. ती भागविली ब्राझीलच्या एका भाषेने. रिओ येथील कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली लुआ ही भाषा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात राहण्यासाठीच घडविलेली आहे. पोर्तुगीजमध्ये ह्या शब्दाचा अर्थ चंद्र. ती अगदी लहान आहे, आणि तिच्यात मध्येच थांबून, जेथे थांबलो तेथूनच पुन्हा सुरू होण्याची सोय आहे. न थांबणाऱ्या सेवकाला नेमका असाच सोबती हवा होता. चीनच्या यीचुन झांग ह्याने २०१० च्या सुमारास ती एंजिनएक्समध्ये बसविली. अपाचीनेही २०१२ च्या फेब्रुवारीत आपल्या २.४ ह्या आवृत्तीत लुआचे मॉड्यूल दिले. त्याआधी, २००९ मध्ये, रायन डाल ह्याने नोड ह्या प्रोग्रॅमने सारा प्रश्नच उलटा केला: सर्व्हरमध्ये भाषा घालण्याऐवजी जावास्क्रिप्ट ह्या भाषेतच सर्व्हर लिहावा.

आणि सर्वांत जुने दार? ते विसरले गेले होते, बंद झाले नव्हते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी बॅश ह्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅममधला एक दोष जाहीर झाला. चिठ्ठ्यांवर ठेवलेला मजकूर वाचताना तो विशिष्ट खुणेपुढचा भाग आज्ञा समजून बजावून टाकी. हा दोष १९८९ पासूनचा. म्हणजे सीजीआयच्याही आधीचा. एकटा असता तर फारसा उपद्रवी नव्हता. पण सीजीआयचा करार परक्याने पाठविलेला मजकूर नेमका त्याच चिठ्ठ्यांवर लिहितो. दोन जुन्या, निरनिराळ्या आणि आपापल्या जागी निरुपद्रवी अशा गोष्टी एका सांध्यावर भेटल्या आणि जगभर धावपळ उडाली.

९. तात्पर्य

श्रोतेहो, ह्या कथेतून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवावयाची होती. भाषा आत बसवा की बाहेर, ह्या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलले. प्रथम बाहेर, मग आत, मग पुन्हा बाहेर, आणि आज दोन्हीकडे. आत घेतले की वेग मिळतो आणि धोका वाढतो; बाहेर ठेवले की सुरक्षितता वाढते आणि अंतर पडते. हा तोल कायमचा कोणी साधलेला नाही, आणि साधला जाईल असे मला वाटत नाही. पण उत्तर बदलता आले, हे महत्त्वाचे. ते बदलता आले ह्याचे कारण १९९५ च्या उन्हाळ्यात एका तरुणाने आपला सर्व्हर सर्वज्ञ करण्याचा मोह टाळून त्यात सांधे ठेवले, आणि त्याच्या सोबत्यांनी ते सर्वांना दिसतील असे उघडे ठेवले. पर्ल, पीएचपी, लुआ ह्यांपैकी कोण आत येईल, हे त्या वेळी त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आपल्या मनात नसलेल्या पाहुण्यासाठी दार ठेवणे, हीच त्यांची दूरदृष्टी.

ज्या संस्था सारे काही स्वतःच करू पाहतात त्या आपल्या संस्थापकाबरोबर थकतात. ज्या इतरांना जोडून घेण्याची जागा ठेवतात त्या पुढच्या पिढीच्या हाती जातात. मात्र दार ठेवणाऱ्याने दारावर पहाराही ठेवला पाहिजे. एका विसरलेल्या चिन्हाने काय होते, हे आपण पाहिलेच. व्याख्यानमाला, वाचनालय, सहकारी संस्था, नाट्यमंडळ, कोणतेही सार्वजनिक काम घ्या. त्याला हे दोन्ही नियम लागू पडतात असे मला वाटते. उघडे दार आणि जागा पहारा, ह्यांपैकी एकावर भागत नाही.